आतली तारीख

रविवारी दुपारी लाँड्री बंद असायची, म्हणून या घरातलं जे काही कठीण ठरवायचं असेल ते रविवारी दुपारीच ठरायचं. दादा, भाऊ आणि आक्काचे वडील, आप्पा, गेल्यावर वाटण्या झाल्या त्या रविवारी, आणि दादाच्या मुलीचं, टाचणीचं, ठरलेलं लग्न मोडलं तेही रविवारी. आठवड्याचे बाकीचे दिवस बॉयलर आणि वाफेची प्रेस यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नसे, त्यामुळे भांडण झालं तरी ते फार पुढे जात नसे. देवाने त्या घराला रोज इतका गोंगाट दिला होता तो उगीच दिला नसावा.

भाऊने शटर अर्धं ओढलं, मग विचार करून पूर्ण ओढलं. अर्धं शटर दिसलं की गिऱ्हाईक वाकून आत येतं, हा त्याचा अनुभव. मागच्या खोलीत इस्त्रीच्या लांब टेबलाशी दादाची बायको, वहिनी, स्टुलावर बसली होती. आक्का धुवायच्या चादरींच्या गाठोड्यावर बसली होती आणि हळूहळू त्यात रुतत चालली होती. टाचणी भिंतीला टेकून उभीच होती. डोक्यावर दांड्यांना कपडे टांगलेले, कोट, पडदे, कोणाचा तरी गणवेश. सगळे जणू बैठकीला आलेले आणि बोलायची परवानगी नसलेले.

वर दादा झोपला होता. म्हणजे तो झोपलाय असं सगळ्यांनी धरलं होतं.

"एक इंजेक्शन म्हणजे चार हजार शर्ट," भाऊ म्हणाला.

कोणी आश्चर्य दाखवलं नाही. भाऊ सगळं शर्टांत मोजायचा. शर्ट म्हणजे धुतलेला, इस्त्री झालेला, हँगरला लावलेला. टाचणीची फी त्याने शर्टांत मोजली होती, स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणाचं बिलही. दादाच्या हॉस्पिटलचं आजवरचं बिल त्याने असंच मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं, कारण तितके शर्ट या शहरात नव्हते.

"आणि अशी किती घ्यायची?" आक्काने विचारलं.

"दर तीन आठवड्यांनी एक. चालेल तोवर."

"काय चालेल तोवर? इंजेक्शन की दादा?"

"आक्का!" वहिनी म्हणाली.

"मी हिशोबाचं विचारतेय, वहिनी. माझ्या मनात काही नाही."

आक्काच्या मनात पुष्कळ काही होतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे तिला कुठलीही गोष्ट नकाशावर मांडून दाखवता यायची, पण भावाचं हे दुखणं तिला कुठेच मांडता येत नव्हतं. आधी पोटात दुखायचं. मग डोळे पिवळे झाले. मग स्वादुपिंड हा शब्द घरात आला, जो तोवर कोणी मोठ्याने उच्चारलाही नव्हता, आणि त्याच्या मागोमाग कॅन्सर आला, आणि मग डॉक्टरांनी पडद्यावर यकृतातले ठिपके दाखवले. आक्काने ते ठिपके बेटांसारखे मोजले आणि रोज सकाळच्या प्रार्थनेत एकेका बेटाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागितलं. बेटं वाढली. आक्काने प्रार्थना वाढवली.

"गाडी गेली," भाऊ म्हणाला. "कपडे पोचवायला मी आता सायकलवर जातो. वहिनींच्या बांगड्या गेल्या. आक्का, तुझी ठेव मोडली. आता राहिली ही."

त्याने कोपऱ्यातल्या वाफेच्या प्रेसवर हात ठेवला, एखाद्या म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. प्रेस आप्पांच्या वेळची. तिच्यावर चादर टाकून झाकण दाबलं की ती एक लांब उसासा सोडायची आणि पाठोपाठ खाली ठण्ण करायची. रोज सकाळी पहिला उसासा भाऊचा, म्हणजे भाऊच्या हातचा.

"हिला गिऱ्हाईक आहे," भाऊ म्हणाला. "मी बोलून ठेवलंय."

तो बोलून ठेवून थांबला नव्हता, पण ते त्याने लगेच सांगितलं नाही.

"प्रेस विकली तर कपडे कशाने करणार, भाऊजी?"

"हाताने. आप्पा करायचे तसे."

"आप्पांना दोन्ही खांदे धड होते," आक्का म्हणाली.

"ते राहू दे. माझं म्हणणं एवढंच, की पैशाची सोय आत्ता करायची तर किती दिवसांची करायची ते आधी ठरवा. प्रेस आणि आक्काचं कर्ज, दोन्ही मिळून पुरलं पाहिजे."

"माझं कर्ज मंजूर होईल," आक्का म्हणाली. "शिक्षकांच्या पतसंस्थेत मी परवाच बोलले. त्यांना सांगितलं, दीड वर्षं उपचार चालतील."

वहिनीने मान वर केली.

"दीड वर्षं?"

आता तारखांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आप्पांनी लाँड्री घातली तेव्हा पहिल्याच महिन्यात एका नवरदेवाचा कोट वेळेवर देता आला नाही. नवरदेव स्वेटर घालून लग्नाला उभा राहिला. फोटोतही तो तसाच आहे, आणि त्या फोटोची एक प्रत त्याने रागाने आप्पांना आणून दिली, ती आप्पांनी गल्ल्याच्या वर लावली. त्या दिवसापासून त्यांनी नेम केला. गिऱ्हाईकाला पावतीवर शनिवार लिहून द्यायचा, आणि कपड्याच्या आत कॉलरला जी चिठ्ठी टाचायची तिच्यावर गुरुवार लिहायचा. पहिली ती गिऱ्हाईकाची तारीख, दुसरी ती आतली तारीख. काम आतल्या तारखेला व्हायचं. मधे बॉयलर बिघडला, पाणी गेलं, तरी शनिवार चुकत नसे, आणि एखादं गिऱ्हाईक शुक्रवारीच सहज डोकावलं तर कपडा तयार बघून असं हरखायचं, जणू आपल्यावर कोणीतरी उपकारच केला. आप्पा म्हणायचे, आपण कपडे धुवायचे पैसे घेतो, हा आनंद वरचा.

पण सवय दुकानात घालून दाराशी काढून ठेवता येत नाही. या घरात कोणी कोणाला खरी तारीख सांगेनासं झालं. पाहुण्यांना दोनला जेवायला बोलवायचे, जेवण तीनला. टाचणीच्या जन्माच्या वेळी दादाने सगळ्या नातेवाइकांना आठवडा पुढची तारीख सांगून ठेवली. मंडळी कपडेलत्ते घेऊन आली तेव्हा बाळ रांगायचंच काय ते बाकी होतं असं आक्का आजही म्हणते, आणि त्या रागाने तिने बाळाचं तोंड दुसऱ्या दिवशी पाहिलं. वहिनी लग्न होऊन आली ती सरळ बोलणाऱ्या घरातून. पहिली दोन वर्षं ती सगळीकडे वेळेवर जाऊन एकटीच बसायची. मग तिलाही लागण झाली.

तर तारीख.

"दीड वर्ष कुठून आलं?" वहिनीने विचारलं.

"भाऊ म्हणाला एक वर्ष. मी थोडं सैल धरलं. पतसंस्थेला घाईची तारीख कशाला सांगायची?"

"भाऊजी, तुम्ही वर्ष म्हणालात?"

"तुम्हीच नाही का नऊ महिने म्हणालात, वहिनी? मी म्हटलं, वर्ष सांगू. म्हणजे मधे काही राहिलं तर…" भाऊ बोलता बोलता थांबला. त्याला स्वतःच्याच आवाजात गल्ल्यावरचा आवाज ऐकू आला.

वहिनी इस्त्रीच्या टेबलावरचा एक जुना जळका डाग बोटाने घासायला लागली. तो निघणारा नव्हता, तिथे सगळ्यांना ते माहीत होतं.

"मी नऊ म्हटलं," ती म्हणाली, "कारण टाचणी मला सहा म्हणाली."

तिघांनीही टाचणीकडे पाहिलं.

टाचणीचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणी तिने दुकानातली एक टाचणी गिळली आणि ती सुखरूप बाहेर आली, तेव्हापासून ते नाव मागे पडलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. एवढ्यावर घरात वैद्यकीय बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानला जायचा. डॉक्टरांकडे बाबांबरोबर तीच जायची, तीच ऐकायची, आणि घरी येऊन तीच सांगायची.

"टाचणे," आक्का म्हणाली, "सहा डॉक्टर म्हणाले का?"

त्या दिवशी डॉक्टर बाबांना बाहेर बसवून बोलले तेव्हा ती त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या यकृताकडे बघत होती. ते यकृत दोन भागांत उघडायचं, आणि त्याचा एक भाग हरवला होता. घरी आली तर आई जिन्यातच उभी. आईने विचारलं, किती? आणि टाचणीच्या तोंडून तारीख निघाली ती आपोआप निघाली, जशी गल्ल्यावर उभं असताना निघते. तिने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तिने फक्त मधे काही बिघडलं तर असावी म्हणून जागा ठेवली होती.

"सांग ना," भाऊ म्हणाला.

तेवढ्यात शटर वाजलं.

"बंद आहे!" भाऊ ओरडला.

"माझा कोट!" बाहेरून आवाज आला. "पाच मिनिटांचं काम आहे!"

"रविवार आहे!"

"तेच तर! मला आत्ता निघायचंय, आमच्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय, मी काय असा शर्टावर जाऊ?"

भाऊने सगळ्यांकडे पाहिलं. आक्काने, रुतलेल्या अवस्थेतच, हाताने दे-दे केलं. भाऊने जाऊन शटर गुडघ्याएवढं उचललं. बाहेर एक माणूस ओणवा झालेला दिसला.

"पावती?"

"हरवली."

"मग खूण सांगा." हाही आप्पांचाच नेम. पावती हरवली तर कपडा द्यायचा, पण गिऱ्हाईकाने त्या कपड्याची अशी खूण सांगायची जी दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. आप्पा म्हणायचे, ज्याने अंगावर घातलाय त्यालाच ती माहीत असते.

"आतल्या डाव्या खिशाला शाईचा डाग आहे. तुमच्याकडून तो तीन वेळा निघालेला नाही."

भाऊने दांडीवरून कोट काढला, खिसा उलटा करून बघितला, आणि शटरखालून दिला.

"झालासुद्धा?" माणूस म्हणाला. "माझी तारीख तर मंगळवारची होती!"

"झाला आधी."

"देव तुमचं भलं करो हो!" तो माणूस खरोखर आनंदला होता. सासऱ्यांचं विसरून दोन घटका तिथेच कोट चाचपत उभा राहिला. भाऊने शटर खाली ओढलं.

तो परत आला तेव्हा टाचणी जिथे होती तिथेच होती, पण आता तिचे डोळे भरले होते.

"मी गिऱ्हाईकाची सांगितली," ती म्हणाली.

त्या खोलीत याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. वहिनीचं बोट डागावर थांबलं. आक्काने गाठोड्यातून उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. भाऊ मनातल्या मनात उलटं मोजत गेला, दीडवरून एक, एकावरून नऊ, नवावरून सहा, आणि त्याला कळलं की अजून एक पायरी खाली आहे आणि ती त्याने मोजायची नाही.

"मग आतली?" आक्काने हळू विचारलं.

टाचणी आईकडे बघत राहिली.

"सांगून टाक, टाचणे," दादाचा आवाज आला. "नाहीतर मी सांगतो."

आवाज भिंतीतून आला. कोपऱ्यात, मळक्या कपड्यांच्या टेबलावर, पत्र्याचा एक रुंद नळा वरच्या मजल्यावरून उतरत होता. पूर्वी वरच्या खोलीत कपड्यांची निवड व्हायची आणि तिथून ते या नळ्यातून खाली सोडत. तिघं भावंडं लहान होती तेव्हा वरून त्याला कान लावून आप्पांची गिऱ्हाइकांशी चाललेली भांडणं ऐकायची. पुढे ती खोली दादाची झाली, वरच्या तोंडावर फळी ठोकली गेली, आणि नळा आहे हे सगळे विसरले. फळी ठोकली होती दादाने. काढलीही त्यानेच, अंथरुणाला खिळल्यावर पहिल्या आठवड्यात, हे मात्र तो कोणाला बोलला नव्हता.

भाऊ नळ्याशी गेला, वाकला, आणि विहिरीत बोलावं तसा आत बोलला.

"दादा? तू जागा आहेस?"

"नाही."

"किती ऐकलंस?"

"चार हजार शर्टांपासून. आणि ते पस्तीसशेच होतात. तू अर्ध्या बाह्यांचे धरलेस. माणसाने पूर्ण बाह्यांचे धरावेत."

भाऊने क्षणभर हिशोब केला. दादाचं बरोबर होतं.

आक्का आता गाठोड्यातून निघाली आणि नळ्यापाशी आली. टाचणी आली. त्या गणवेशाला, दोन कोटांना आणि एका पडद्याला बाजूला सारून ते तिघे त्या पत्र्याच्या तोंडाभोवती उभे राहिले, आणि जणू त्यातूनच काही बाहेर पडणार असल्यासारखे आत बघत राहिले. वहिनी उठली नाही.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?" टाचणीने विचारलं.

"डॉक्टरांनी. तू बिल भरायला खाली गेली होतीस तेव्हा. मी म्हटलं, साहेब, मीही आयुष्यभर लोकांना तारखा देत आलोय. मला गिऱ्हाईकाची नको, आतली द्या. त्यांना समजलं नाही. मग मी समजावून सांगितलं. मग ते थोडा वेळ खिडकीकडे बघत बसले आणि म्हणाले, तीन महिने. त्याला आता एक होऊन गेला."

दोन्ही दांड्या ताठ होत्या, तरी कपडे थोडे हलल्यासारखे वाटले.

"देवाची आतली तारीख डॉक्टरांना माहीत नसते," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता, वर्गात चढायचा तसा.

"नसेल, आक्का. पण डॉक्टरांची पावती त्याच दुकानाची आहे, असं मला वाटलं."

"आणि इंजेक्शन घेतलं तर?" भाऊने विचारलं.

"लागू पडलं तर एखादा महिना वर. तोही तिथे, त्या पलंगावर, हाताला नळ्या लावून. नाही पडलं तर तेवढाही नाही. तेही मी विचारून घेतलं. मी म्हटलं, आता आलोच आहे तर सगळंच विचारून घेतो." दादा थांबला. नळ्यातून त्याचा श्वास ऐकू आला. "मला ते नको. मला दुखणार नाही एवढं औषध हवं, आणि पाठ धुवायला येईल अशी एक नर्स. टाचणीच्या दवाखान्यातल्या कोणाला माहीत असेल."

"आहे एक," टाचणी म्हणाली. "खरंच आहे, बाबा. ही आतलीच सांगतेय."

"बरं. आणि भाऊ, प्रेस कोणाला विकतोयस?"

भाऊने नळ्याकडे पाठ केली. मग पुन्हा तोंड केलं.

"विकली, दादा. म्हणजे त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतलेत. चौकाच्या पलीकडचा."

"तो कॉलर उलट्या बाजूने दाबतो."

"हो."

"उद्या सकाळी पैसे परत करून ये. तो तोंड करेल, करू दे." आणि मग, जरा वेळाने, "ती गेली तर सकाळ झालीय हे मला कसं कळणार? रात्री नीट झोप लागत नाही रे. डोळे मिटून पडून राहतो आणि वाट बघतो. तिने पहिला उसासा टाकला की म्हणतो, चला, आणखी एक उजाडलं. फळी काय उगीच काढली?"

भाऊचं तोंड आत्ता जसं झालं तसं आप्पांनाही कधी बघायला मिळालं नव्हतं. तो नळ्याच्या कडेला दोन्ही हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "लवकर लावू का तिला? साडेपाचला?"

"नको. शेजारी शिव्या देतील. सहालाच लाव."

तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उठली होती. ती कोणाकडे न बघता जिन्याकडे गेली. तिची पावलं वर गेली, दार उघडलं, मिटलं.

नळ्यातून पलंग करकरल्याचा आवाज आला. मग वहिनीचा श्वास.

आक्का नळ्याशी अजून वाकली. तिला लाजही वाटत नव्हती, तिला फक्त ऐकायचं होतं. पण भाऊने तिचा दंड धरून तिला मागे घेतलं, धुवायच्या चादरींतलं एक जाडजूड पांघरूण ओढून काढलं, आणि ते घडी घालून नळ्याच्या तोंडात दाबून बसवलं. कडा आत खोचल्या. जसं काही ते प्रेस करायचंच होतं.

"भाऊ, अरे…"

"त्यांचं त्यांना बोलू दे," भाऊ म्हणाला.

*

वर वहिनीला खालचा आवाज मधेच तुटल्यासारखा वाटला. तिने नळ्याकडे पाहिलं, काळं तोंड उघडंच होतं, पण त्यातून काही येत नव्हतं.

दादा उशीला टेकून बसला होता. पिवळा, लहान झालेला, दाढी केलेली. दाढी तो रोज करायचा.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू बांगड्या विकल्या नसत्यास?"

"विकल्या असत्या."

"मग काय फरक पडला असता?"

"काय विकत घेतेय ते मला कळलं असतं." तिचा आवाज ताठ होता. "मला वाटलं, मी वर्षं घेतेय. दुकानात जाऊन कोणी न बघता पैसे देतं का? तुमच्याकडे पडदे टाकायला येणारी बाईसुद्धा आधी विचारते, किती दिवस लागतील. मला कोणी काही विचारू दिलं नाही. सगळ्या घराने मिळून मला पावती फाडून दिली."

दादाने पांघरुणाची कड सरळ केली.

"एक तरी घ्या," वहिनी म्हणाली. "एकच इंजेक्शन. माझ्यासाठी."

"घेतलं असतं. पण तिथे भेटायची वेळ चार ते सहा. इथे तू दिवसभर असतेस."

"दिवसभर मी तुमच्यावर ओरडत असते. सूप संपवलं नाही, उशी नीट घेतली नाही."

"तेच म्हणतोय."

वहिनी खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर तो कोटवाला माणूस अजून होता, बस थांब्यावर, एका हाताने कोट नीट करत. त्याला बघत ती बराच वेळ उभी राहिली. तिने मनात देवाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगणं कठीण गेलं असतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "नका घेऊ."

ती परत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"पण एक आहे. मी काही तुमच्या दुकानातली नाही. आतली तारीख घेऊन मला झोप लागायची नाही. त्या सगळ्यांना तुम्ही आतली दिलीत, ती त्यांच्यापाशी राहू दे. मला गिऱ्हाईकाची सांगा."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग तो थोडा सरळ झाला, पाठ उशीपासून सोडली, आणि त्याच्या तोंडावर तो जुना गल्ल्यावरचा चेहरा आला, जो तिने कित्येक वर्षं मागच्या दारातून पाहिला होता आणि ज्याच्या समोर ती कधी उभी राहिली नव्हती.

"पावती?" त्याने विचारलं.

"हरवली."

"मग खूण सांगावी लागेल, बाई."

वहिनीने त्याचा उजवा हात उचलला. मनगट आता इतकं बारीक झालं होतं की तिच्या बोटांत मावलं.

"मनगटावर इस्त्रीचा डाग," ती म्हणाली. "तीन कोपऱ्यांचा. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पडलेला. हातातल्या शर्टाकडे बघायचं सोडून मागच्या दाराकडे बघत होता."

"दारात कोण होतं?"

"मी होते."

दादाने मनगट उलटं करून डाग पाहिला, जणू खात्री करून घ्यावी लागणार होती.

"बरोबर," तो म्हणाला. "खूण पटली."

"कधी येऊ मग?"

त्याने डोळे किंचित बारीक केले. काम किती आहे, वाफ कशी आहे, मधे काय काय बिघडू शकतं, याचा सगळा हिशोब त्या डोळ्यांतून नेहमी जायचा तसा गेला.

"शनिवारी या," दादा म्हणाला.

"येते," वहिनी म्हणाली, आणि त्याचा हात तसाच हातात धरून तिथेच बसून राहिली.